प्रकरण चौदावे : नीलमावरच्या चार रेघा

रविवारी सकाळी नऊ वाजता घरात पाच तज्ज्ञ जमले होते, आणि आई.

ही विभागणी थोरल्या सुनेची. संग्रहालयाने पाठवलेल्या अर्जात 'घराण्यातील रत्नतज्ज्ञ' असा एक रकाना होता आणि तिने तो मन लावून भरला होता. सासरे, पैलूकार. नवरा, सोन्याच्या कोंदणात खडे बसवणारा. ती स्वतः, संगणकावर दागिन्यांची चित्रं काढणारी. नणंद, प्रयोगशाळेत बसून दगडांना खरेखोटेपणाचे दाखले देणारी. धाकटा दीर, लिलावगृहात दगडांबद्दल गोड बोलण्याचा पगार घेणारा. सासूला कुठे बसवावं हा प्रश्न तिला खरोखर पडला होता, कारण सून मनाची वाईट नव्हती. शेवटी तिने खालचा 'इतर साहाय्य' हा रकाना निवडला. तिथे आईच्या आधी विजेची जोडणी आणि आग विझवण्याचं नळकांडं यांची नोंद होती.

आईने अर्ज वाचला, चष्मा काढला आणि चहा टाकायला उठली. साहाय्य करणाऱ्याने साहाय्य करावं.

निमित्त होतं नीलमाचं. आजोबांनी आणलेला तो कच्चा दगड एकतीस वर्षं कपाटात पडून होता, कारण तो कुठून कापावा यावर आजोबा आणि बाबा यांचं कधी एकमत झालं नाही. त्या भांडणात दोघांची किती वर्षं नासली ते मागे येऊन गेलंच आहे. दगड लहानशा सुपारीएवढा. बराचसा फिकट, जवळजवळ पाण्यासारखा, आणि एका कोपऱ्यात मात्र दाट निळा. तो निळा कोपरा नेमका तळाच्या टोकाशी आणला तर अख्खा दगड निळा दिसतो. चुकला तर हातात फिकट खडा येतो. शिवाय दगडाच्या पोटातून तिरका जाणारा एक तडा होता. करवत त्या तड्यावर गेली की नीलम संपला, आणि असा दुसरा मिळणार नव्हता.

आता संग्रहालयाला कायमच्या दालनात ठेवायला बाबांच्या हातचा एक दगड हवा होता. शेजारी पितळी पाटी, पाटीवर कापणाऱ्याचं नाव. पाटीचा मजकूर आज दुपारी बारा वाजता खोदायला जाणार होता, आणि त्याआधी पहिला काप कॅमेऱ्यासमोर व्हायचा होता. कॅमेऱ्याची कल्पना धाकट्याची. या घरात कुठलीही घातक कल्पना निघाली की तिचा माग त्याच्यापर्यंतच जातो.

"लोकांना हात बघायचे असतात," बिस्किट चहात बुडवत धाकटा म्हणाला. "दगड काय, कुणीही बघतं. बाबांचे हात, अगदी जवळून. पाण्याचे थेंब. मागे हळूवार संगीत."

"काम चालू असताना दार बंद असतं," आई म्हणाली.

"आई, चव्वेचाळीस वर्षं बंद आहे ते दार. एक दिवस उघडलं तर त्याला सर्दी होणार नाही."

सगळे हसले. बाबाही हसले, थोडे उशिरा, आवाजाच्या दिशेने तोंड वळवून.

कारण बाबांना दिसत नव्हतं. हे घरात फक्त दोघांना ठाऊक होतं. अडीच वर्षांपूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की आतला पडदा मधोमध झिजलाय आणि तो पुन्हा धड व्हायचा नाही. कडेकडेचं दिसत राहील. ज्याच्याकडे नेमकं बघाल तेवढंच दिसणार नाही. म्हणजे बाबांना दार दिसे, दारात कुणी उभं आहे हे दिसे, फक्त त्याच्या तोंडाच्या जागी राखाडी डाग दिसे. चालणं-फिरणं ठाकठीक. तेव्हापासून बंद दाराआड पैलू घासायच्या चाकावर आई बसत होती. आधीची चाळीसेक वर्षं तिने बाबांसाठी दगड लाखेने काडीवर चिकटवून दिले होते, कुठली बाजू वर ठेवायची ते ठरवून दिलं होतं, आणि बघता बघता बाकीचंही शिकली होती. अडीच वर्षांत तिने अकरा दगड कापले. सगळे बाबांच्या नावावर गेले आणि सगळ्यांचं कौतुक झालं. भिंग लावून दगड कुठल्या खाणीतला ते सांगणारी ही माणसं. पण दर रविवारी समोर बसून जेवणाऱ्या बापाचे डोळे गेलेत हे त्यांच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यासाठी भिंग लागत नाही, म्हणून असेल.

"मला बाबांचा हात कुठेही ओळखता येतो," लेक म्हणाली. घरात तिला भिंग म्हणत, आधी पाठीमागे आणि आता तोंडावरही. "दुसऱ्या कुणाच्या पैलूंना ती धारच नसते. आणि गेली दोन-तीन वर्षं तर बाबा, तुम्ही कमाल करताय. तरुणपणी तुम्ही थोडे घाईत असायचात. स्पष्ट बोलते, राग मानू नका."

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "घाई होतीच."

आई बशा गोळा करत होती. तिने भिंगच्या पुढ्यातली बशी जरा जोरात उचलली.

"रेघ काढून झालीय ना बाबांची?" थोरल्याने विचारलं.

"काल संध्याकाळीच झालीय काढून," आई म्हणाली. ते खरं होतं. कुणी काढली ते तिला कुणी विचारलं नाही.

दगड कापण्याआधी त्यावर शाईने बारीक रेघ काढतात आणि करवत त्या रेघेवरून चालवतात. स्पिरिटचा बोळा फिरवला की रेघ पुसते, पुन्हा काढता येते. सोय चांगली आहे. एका कुटुंबात पाच तज्ज्ञ असतील तर जरा जास्तच चांगली आहे.

पहिला उठला थोरला. "हात धुऊन येतो," म्हणाला आणि बेसिन सोडून कामाच्या खोलीत गेला. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर वाकवता येणारा दिवा, कागदाइतकी पातळ चकती असलेली करवत, तिच्याखाली पाण्याचं पसरट भांडं, आणि सगळ्याला लाखेचा नि स्पिरिटचा वास. नीलम एका बशीत ठेवलेला होता. थोरल्याने रेघ बघितली आणि त्याचा जुना राग वर आला. वीस वर्षं तो बापाचे खोल तळाचे दगड अंगठ्यांत बसवत आला होता. असले दगड घालणाऱ्याच्या बोटाला टोचत, आणि गिऱ्हाईक येऊन शिव्या देई ते दगड कापणाऱ्याला नाही, बसवणाऱ्याला. संग्रहालयातला दगड कुणी बोटात घालणार नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्याने बोळा फिरवला, चापून चपटी रेघ काढली आणि हात न धुताच परत आला.

दहा मिनिटांनी भिंगला चष्म्याचं घर आठवलं. तिने खिशातलं भिंग काढून दगडात डोकावलं. आत रेशमाच्या धाग्यांसारख्या सुया होत्या, तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या, अस्सल नीलमाची खूण. तिला इतकं बरं वाटलं की क्षणभर ती बाबांची लहान मुलगी झाली. माणसांत तिला असं काही सापडत नसे. मग तिने रेघ पाहिली. ती बरोबर त्या सुयांच्या मधून गेली होती. "काय हे बाबा," ती पुटपुटली, "चपट्या दगडांचा नाद कधीपासून लागला तुम्हाला?" तिने बोळा फिरवला आणि सुया वाचतील अशी रेघ काढली.

धाकट्याने सबब सांगायचेही कष्ट घेतले नाहीत. तो फोनवर बोलत बोलत आत शिरला. त्याला एकच गोष्ट हवी होती, तयार दगड वीस कॅरटच्या वर. एकोणीस म्हटलं की लोक माहितीपत्रकाचं पान उलटतात, वीस म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात. भिंगची रेघ सतरावर आणून सोडत होती. त्याने ती पुसली आणि अशी रेघ काढली की दगडातलं जवळजवळ काहीच वाया जाऊ नये. ती तड्याला समांतर, त्याला घासून जात होती. तडा त्याला दिसला. पण त्याच्या धंद्यात तड्याला 'नैसर्गिक व्यक्तिमत्त्व' म्हणतात.

सून गेली सगळ्यांच्या शेवटी. तिने पतंगाच्या आकाराचं एक सुंदर चित्र काढून ठेवलं होतं आणि त्याला साजेशी रेघ तिच्या मनात होती. पण खोलीत आई होती. आईने नीलम नाकाशी नेला, स्पिरिटचा वास घेतला, पुसलेल्या रेघांच्या पुसट खुणा मोजल्या आणि स्वतःशीच म्हणाली, "तिघे येऊन गेले." मग तिने बोळा घेऊन दगड पार कोरा केला, दिव्यापुढे धरला आणि दोन बोटांत फिरवला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबवला. सून लग्नाआधी सहा वर्षं पैलूकारांच्या कारखान्यात चित्रं काढत होती. दगड असा फिरवणारी माणसं तिने पाहिली होती. चहा करणारी माणसं तो असा फिरवत नाहीत.

"आई, काही मदत करू?" तिने दारातून विचारलं.

"बाहेर बसव त्यांना," आई मागे न बघता म्हणाली. "आणि ह्यांना आत पाठव."

बाबा आले आणि दार लावून घेतलं. आईने तोवर करवतीच्या मोटरचा पट्टा काढून आपल्या पर्समध्ये टाकला होता.

"आज नाही म्हणून सांगा," ती म्हणाली. "पट्टा तुटलाय म्हणा."

"तुटलाय?"

"माझ्या पर्समध्ये आहे."

बाबा स्टुलावर बसले. त्यांनी हात पुढे केला आणि आईने सवयीने नीलम त्यांच्या तळव्यावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

"एक काप तर आहे," ते म्हणाले. "हाताला माहीत आहे."

"हाताला तडा दिसतो का?"

"अगं, एकतीस वर्षं मी हा दगड घेऊन बसलोय. झोपेत सांगेन कुठे काय आहे ते."

"मग झोपेत कापा. कॅमेऱ्यासमोर कशाला?"

बाबांनी मूठ आणखी घट्ट केली. मग म्हणाले, "मला एकदा त्यांच्यासमोर बसू दे. एकदाच. त्यानंतर सांग खुशाल सगळ्यांना, म्हातारा आंधळा झाला म्हणून." शेवटचे शब्द बोलून ते उगाच खोकले.

आईला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. "आणि चुकला तर?"

"चुकला तर चुकला. माझा दगड आहे."

"माझाही आहे."

बाबांना ते कळलं नाही. घरातल्या सगळ्याच गोष्टी दोघांच्या असतात, तसं ती म्हणतेय असं त्यांना वाटलं. अडीच वर्षं ती एकेका दगडावर हात बसवत होती ती या एका नीलमासाठी, हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. आंधळ्या झालेल्या माणसाला आपल्याच दुःखातून सवड मिळत नाही, हे ती समजून होती. पण समजून घ्यायलाही वैताग येतोच.

पट्टा तुटल्याची बातमी बाहेर पाच मिनिटं टिकली. थोरला हाताचा पक्का. त्याने आपल्या गाडीतून तसलाच पट्टा काढून आणला आणि चढवला.

"बघ," तो अभिमानाने आईला म्हणाला, "तू उगाच घाबरतेस."

आईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पुन्हा एकदा पट्टा ओढून बघितला.

सव्वाअकराला सगळे त्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. आईने दगड लाखेने काडीवर चिकटवून दिला. धाकट्याने फोन सुनेच्या हाती दिला, कारण तिचा हात स्थिर, आणि स्वतः चित्रात मागे दिसेल असा उभा राहिला. बाबा करवतीपुढे बसले. ताठ बसले. दिवा त्यांच्या पांढऱ्या केसांवर पडला होता आणि ते खरोखरच देखणे दिसत होते. थोरल्याला भरून आलं. भिंगचेही डोळे भरले. मग तिने दगडाकडे बघितलं.

"रेघ कुठंय?"

"अरे हो," थोरला म्हणाला, "माझी रेघ कुठे गेली?"

"तुझी?"

"म्हणजे, बाबांची. मी नुसती जरा—"

"ती चपटी रेघ तुझी होती?" भिंग ओरडली. "मी बाबांना नावं ठेवत बसले!"

"तू पुसलीस?"

"सुधारली."

"तुझी सुधारलेली सतरा कॅरटवर येत होती, ताई," धाकटा म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं.

"कसल्या रेघा?" बाबांनी विचारलं. त्यांनी दगड डोळ्यांसमोर धरला होता. कोरा आहे की चार रेघांचा, त्यांना काहीच फरक पडत नव्हता.

"मी पुसल्या सगळ्या," आई म्हणाली. "अहो, राहू द्या आता."

"लाव मोटर," बाबा म्हणाले.

करवत सुरू झाली. बाबांनी अंगठ्याने दगडाची कड चाचपली, काडी वळवली, पुन्हा चाचपली आणि दगड चकतीकडे नेला. तीन तज्ज्ञ श्वास रोखून बघत होते आणि तिघेही आपापली रेघ मनातल्या मनात त्या दगडावर बसवत होते. दगड नखभर उलट्या दिशेला फिरलेला आहे, आणि चकती तड्याच्या तोंडावर टेकणार आहे, हे फक्त आईला दिसलं.

तिने बटण बंद केलं.

"उठा," ती म्हणाली.

"अगं—"

"उठा म्हणते."

एवढ्या माणसांत तिने त्यांना असं कधी सांगितलं नव्हतं. बाबा उठले. आई त्यांच्या जागी बसली, दिवा स्वतःच्या उंचीला ओढून घेतला आणि चष्मा बदलला. खोलीत कुणाला काही कळेना.

"आई, तू काय करतेस?" थोरल्याने विचारलं.

"कापतेय."

"तू?"

"ह्यांना दिसत नाही. अडीच वर्षं झाली." ती दगड गरम करून लाख सैल करत होती, त्यामुळे तिने वर पाहिलं नाही. "मधले अकरा दगड मी कापले. रांगेत सांगू?"

भिंगने बाबांकडे पाहिलं, पुढे होऊन त्यांच्या तोंडासमोर हात हलवला, आणि बाबा तिच्या खांद्याकडे बघत म्हणाले, "कडेने आण, कडेने दिसतो." तेव्हा तिने हात खाली घेतला.

"बाबा, तुम्ही सांगितलं नाहीत," ती म्हणाली, आणि रडायला लागली. हे रडणं खरं होतं. ते साधारण अर्धा मिनिट टिकलं. मग तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "पण मी त्या अकराही अहवालांवर सही केलीय."

"दगड खरे होते ना?" आईने विचारलं.

"दगड खरे होते. पण मी खाली लिहिलंय, उत्तरवयातला परिपक्व पुरुषी हात."

"वाचलं मी," आई म्हणाली. "परिपक्व बरं लिहिलंस."

आता धाकट्याच्या कपाळावर घाम आला. त्याने त्यातले चार दगड लिलावात काढले होते, आणि माहितीपत्रकात त्यांना 'एका महर्षीची संध्याकाळ' असा मथळा दिला होता. थोरल्याने उरलेले सात दगड बसवले होते आणि दर वेळी गिऱ्हाइकाला आपल्या वडिलांच्या हाताची गोष्ट सांगितली होती. दहा मिनिटांपूर्वी रेघांवरून एकमेकांच्या नरडीला हात घालणारी तिघं भावंडं एकदम एका बाजूला आली. इतकी एकी त्यांच्यात आजोबा गेले तेव्हाही नव्हती.

"घरातली गोष्ट घरात राहू दे," थोरला म्हणाला.

"मी तेच म्हणतेय," भिंग म्हणाली.

"सोपं आहे," धाकटा म्हणाला. "आई कापेल. आपण फक्त हात घेऊ. पाण्याखाली हात बाईचे की पुरुषाचे, कुणाला कळतंय? अंगठी काढ आई. आणि बाबांना शेवटी हातात दगड धरून बसवू. पाटीवर नाव ठरलंय तेच. सगळे खूश."

"आई काही नाही म्हणणार नाही," थोरला म्हणाला. "तिला कुठे नावाची हौस आहे? तुला काय फरक पडतो गं आई?"

"पडतो," आई म्हणाली.

ती काडी थंड व्हायची वाट बघत होती. तिने चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं.

"अकरा दिले. मागितले नाहीत तरी दिले. हा देणार नाही. यावर माझं नाव पाहिजे."

"अगं पण आई, बाबांचा हा शेवटचा—"

"ह्यांचे शेवटचे अकरा झाले की."

थोरल्याने मदतीसाठी बायकोकडे बघितलं. तिने फोन खाली केला नव्हता. उलट दोन पावलं मागे सरून तिने तो वर उचलला होता.

"मी चालू केलंय," सून म्हणाली. "हात आणि तोंड, दोन्ही घेतेय. आई, जरा दिव्याकडे वळता?"

"बंद कर ते," थोरला म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. माझ्या चौदा चित्रांवर तुमच्या दुकानाचा शिक्का आहे, मी काही बोलले का आजवर? आज बोलते. बाजूला व्हा, तुमची सावली येतेय."

थोरला बाजूला झाला. बायकोच्या तोंडून असलं वाक्य पुन्हा ऐकावं लागेल या भीतीने तो थेट भिंतीला जाऊन टेकला.

बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि लपवण्याइतकं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. डोळे गेल्यावर त्यांच्यापाशी नाव तेवढं राहिलं होतं. पितळेच्या पाटीवर ते खोदलं जाईल, बोटांनी चाचपून वाचता येईल, असं त्यांनी कितीदा तरी मनात आणलं होतं. आणि ज्या बाईने त्यांना अडीच वर्षं सांभाळून घेतलं, तीच आज ते मागत होती. रागवावं म्हटलं तर कारण सापडेना.

आईने मोटर लावली. दगड टेकला आणि आवाज बदलला. नीलम कापायला वेळ लागतो. घाई केली की चकती तापते आणि दगड फुटतो. दोन मिनिटं गेली, पाच गेली. बाबांनी मान तिरकी केली होती.

"पाणी," ते म्हणाले.

"वाढवलंय," ती म्हणाली.

पुढची पंधरा मिनिटं खोलीत कुणी बोललं नाही, आणि या कुटुंबाच्या इतिहासात ही नोंद वेगळी करून ठेवण्यासारखी आहे. भिंग हळूहळू आईच्या मागे येऊन उभी राहिली होती. आईने तिघांपैकी कुणाचीच वाट धरली नव्हती. चकती आधी कुणालाही नको असलेल्या बाजूने शिरली, निळा कोपरा बाजूला ठेवून, आणि तड्याजवळ आली तेव्हा आईने काडी केसभर उचलली. दगडांत डोकावता डोकावता भिंगला वीस वर्षं झाली होती. आपण आत्ता काय पाहिलं ते तिला कळलं, आणि तिने हळूच आईच्या पाठीवर हात ठेवला. आईने तो झटकला, कारण काम चालू होतं.

मग टक् असा आवाज झाला आणि एक तुकडा पाण्याच्या भांड्यात पडला. आईने मोटर बंद केली, दगड फडक्याने पुसला आणि दिव्याखाली एकदा पाहिला. कुणालाच दाखवला नाही. उठून कोपऱ्यात गेली आणि बाबांच्या तळव्यावर ठेवला.

बाबांनी कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग नखाने कडेला चाचपलं, जिथे तडा बाहेर येऊन संपत होता. कापलेला भाग सपाट होता. तडा त्याच्या अलीकडेच राहिला होता, पुढच्या घासणीत अलगद निघून जाईल इतका जवळ.

"मी इथून कापला नसता," ते म्हणाले.

थोरल्याचा चेहरा उजळला. "बघ, मी म्हणत होतो—"

"थांब रे." बाबांचा अंगठा पुन्हा फिरला. "वडील म्हणायचे वरून. मी म्हणायचो खालून. एकतीस वर्षं. दोघांनीही हा फोडला असता." त्यांनी मूठ मिटली. "डोळे होते तेव्हाही मला हे सुचलं नसतं."

धाकट्याचा फोन सुनेच्या हातात वाजायला लागला. संग्रहालयातल्या बाई होत्या. बाराला पाच मिनिटं होती आणि पाटीचा मजकूर त्यांना तोंडी पक्का करून हवा होता. धाकट्याने हात पुढे केला. सुनेने तो ओलांडून फोन बाबांना दिला.

"हो, झाला काप," बाबा म्हणाले. "नाही, मी नाही. माझ्या बायकोने. हो, तिनेच. आधीचे अकराही तिचेच आहेत, तेही लिहून घ्या... नाव? सांगतो ना."

ते अडले. चव्वेचाळीस वर्षं ते तिला अगं म्हणत आले होते. मग त्यांनी तिचं नाव सांगितलं, सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नवी भाषा बोलणाऱ्यासारखं, हळू, जवळजवळ कुजबुजत. बोलून झाल्यावर ते लाजल्यासारखे झाले आणि त्यांनी आईच्या दिशेने, म्हणजे तिच्या थोडं बाजूला, पाहिलं.

आई पुन्हा चाकापुढे जाऊन बसली होती आणि पुढच्या घासणीसाठी लाख तापवत होती.

"मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "त्यांना ऐकू गेलं नसेल."